आकडे आले नाहीत

“आत्ती, आकडे आले का?”

“नाही.”

“नीट बघा ना. सहा आकडे असतील मेसेजमध्ये.”

“नाही आले म्हटलं ना. चौथीपर्यंत शिकलेय मी. आकडे ओळखता येतात मला.”

वृषाली, माझी सून, बाहेरच्या खोलीत कटिंगच्या टेबलावर नवा लॅपटॉप उघडून बसली होती. शेजारी तिचा मोबाइल भिंतीला टेकवून उभा केलेला, आणि त्यातून तिची आई बोलत होती, साताऱ्याहून. मी आतल्या दारात पाटावर बसून मांडीवरच्या ताटात लसूण सोलत होते. माझा मोबाइल माझ्या कमरेच्या चंचीत होता. आकडे आले होते.

चार, शून्य, सात, सात, एक, नऊ. अजून पाठ आहेत.

हे आकडे कशाचे, ते आधी सांगते.

आम्ही हेंद्रे, विट्याचे. शिंपी. आमचे हे होते तेव्हा दिवाळीच्या आधी महिनाभर आमच्या ओट्यावर सहा-सहा कारागीर बसायचे. हे गेले आणि गिऱ्हाईकही पांगलं. लोक तयार कपडे घ्यायला लागले. श्रीरंग, माझा एकुलता एक, पँटा आखूड करून आणि चेनी बदलून किती दिवस काढणार? म्हणून त्यानं आणि वृषालीनं कॉम्प्युटरवर चालणारी भरतकामाची मशिन आणली. दिलेलं चित्र ती आपोआप कापडावर भरते. पण चित्र आधी टाक्यांमध्ये मांडावं लागतं, आणि ते लॅपटॉपवर.

गावाबाहेर नवं नर्सिंग कॉलेज झालं होतं. त्यांना पांढऱ्या कोटांच्या खिशावर त्यांचं चिन्ह, दोन हातांत धरलेली ज्योत, भरून हवं होतं. शुक्रवारी बारा वाजेपर्यंत नमुना आणा म्हणाले, पसंत पडला तर दरवर्षीचं काम तुमचं. आणि नाही पडला तर काय, तेही श्रीरंगनं ठरवून ठेवलं होतं. वृषालीच्या मामांचा साताऱ्याला युनिफॉर्मचा कारखाना आहे. मशिन विकायची, आणि दोघांनी तिकडं जायचं.

“आणि मी?” मी विचारलं होतं.

“तू पण चल की.”

विहिणीच्या गावात, विहिणीच्या भावाच्या जिवावर!

ती गुरुवारची सकाळ होती. म्हणजे नमुन्याला एक दिवस.

विहीणबाई म्हणजे शैलजाबाई पोरे. आयटीआयमध्ये मुलींना शिवण शिकवायच्या, शेवटी शेवटी कॉम्प्युटरवरचं भरतकामही शिकवायला लागल्या. सोयरीक ठरवायला त्यांच्या घरी गेले तेव्हा भिंतीवर त्यांची सर्टिफिकिटं काचेत लावलेली. मी एकेक अक्षर जुळवत वाचत होते. त्या चहाचा कप घेऊन माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आतल्या खोलीत पण आहेत अजून.” त्या दिवसापासून ही बाई माझ्या डोळ्यात खुपली ती खुपलीच.

काज म्हणाल तर मी हातानं करते. विट्यातली जुनी माणसं कोट उलटा करून काज बघतात आणि सांगतात, हे आक्कांच्या हातचं. त्या बाईचं काज मी बघितलंय. मशिनीचं. दोन धुण्यांत दोरे लोंबतात. पण आमच्या सूनबाईंना ते कुठं दिसतं? टाका सुटला, फोन साताऱ्याला. आमटीत मीठ जास्त झालं, फोन साताऱ्याला. मी तीन हातांवर जिवंत बसलेली, पण मला विचारायचं नाही. एकदा मी म्हटलंसुद्धा, “अगं, मला ताप आला तर मला विचार, का तेही आईलाच विचारणार आहेस?” ती हसली नुसती. तिचं हेच मला आवडायचं नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

लॅपटॉप लागणार म्हटल्यावर शैलजाबाईंनी निरोप धाडला: माझा जुना आहे, चांगला चालतो, घेऊन जा.

मी म्हटलं, “आमच्या घरात दुसऱ्याचं उतरलेलं वापरत नाहीत.”

त्याच दुपारी श्रीरंगला घेऊन मी सांगलीला गेले. दुकानात सगळ्यात स्वस्त होता तो घेतला, पण नवा, खोक्यातला. दुकानदार म्हणाला, कुणाच्या नावानं चालू करू? मी म्हटलं, माझ्या. घरातली मोठी मीच. मोबाइल नंबर माझा दिला. येताना गाडीत मी खोकं मांडीवर घेऊन बसले होते.

आणि आता तो नवा, खोक्यातला लॅपटॉप अडून बसला होता. वृषालीनं टाके मांडायचं ते अॅप आत टाकायला घेतलं, तर पडद्यावर इंग्रजीत पाटी आली. या लॅपटॉपात फक्त कंपनीच्या स्वतःच्या दुकानातलीच अॅपं चालतील, बाहेरचं काही घेता येणार नाही. आणि भरतकामाचं अॅप कंपनीच्या दुकानात नव्हतंच.

“असं कसं?” मी म्हटलं. “नवाकोरा आहे.”

“नव्यांनाच असतं असं, स्वस्तातल्या,” मोबाइलमधून शैलजाबाई म्हणाल्या. “माझ्या जुन्याला नव्हतं.”

ऐकलंत? ‘माझ्या जुन्याला नव्हतं.’ लसणीची पाकळी माझ्या नखात अशी चेपली गेली की तिचं पाणी झालं.

“पण सोपं आहे,” त्या पुढं म्हणाल्या. “बंधन काढता येतं, फुकट. सेटिंगमध्ये जा, वृषा. तिथून कंपनीच्या दुकानाचं पान उघड. मालकाची ओळख विचारेल, ज्याच्या नावावर आहे त्याच्या मोबाइलवर आकडे जातील, ते घाल. झालं. पाच मिनिटांचं काम.”

वृषा. माझ्या घरात माझ्या सुनेला वृषा म्हणत होती, आणि मी घेतलेल्या लॅपटॉपवर पाच मिनिटांत आपलं नाव करून जाणार होती. संध्याकाळी श्रीरंग आल्यावर वृषाली काय सांगणार? आईनं सोडवलं.

म्हणून मी ‘नाही’ म्हटलं. ठरवून नाही म्हटलं असं नाही, पण तोंडातून गेलं खरं.

“परत मागवते,” वृषाली म्हणाली. थोड्या वेळानं, “आत्ती, आता?”

चंचीत मोबाइल पुन्हा थरथरला. मी पदर सारखा केल्यासारखं करून बघितलं. नवे सहा आकडे.

“नाही गं बाई. कुठले आकडे घेऊन बसलीस?”

“वृषा, त्यांना विचार, मोबाइल चार्ज आहे का म्हणावं.”

“त्यांना ऐकू येतंय, विहीणबाई,” मी दारातूनच म्हटलं. “मोबाइल चार्ज आहे. मीपण चार्ज आहे.”

पलीकडं हसल्याचा आवाज आला. मला आणखीच राग आला.

“एकदा शेवटचं बघू,” वृषाली म्हणाली. या वेळी ती लॅपटॉपकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. “आत्ती, आले का?”

मला ठाऊक होतं मी काय करतेय. उद्या नमुना गेला नाही तर मुलगा जाईल, सून जाईल, ओटा रिकामा होईल. हे सगळं डोळ्यांसमोर होतं. तरी त्या मोबाइलमधल्या बाईसमोर चंची उघडून ‘हे घ्या’ म्हणायला माझा हात उठेना.

“नाही आले.”

तिसऱ्या वेळेनंतर लॅपटॉपच कंटाळला. फार वेळा विचारलंत, आता उद्या या, असं लिहून आलं. वृषालीनं झाकण मिटलं. मोबाइलमध्ये तिची आई काहीतरी बोलत होती, तिनं “ठेवते आई” म्हणून फोन ठेवला, आणि मशिनीवर कापड पांघरून आत भाकरी करायला गेली. आदळआपट नाही, डोळ्यांत पाणी नाही. माझ्या शेजारून जाताना सोललेली लसूण तेवढी उचलून घेतली.

दुपारी श्रीरंग जेवायला आला. “झालं का?” त्यानं विचारलं.

“उद्या सकाळी होईल,” ती म्हणाली.

“उद्या सकाळी झालं तर नमुना भरणार कधी?”

“भरते मी.”

“बघ बाबा. नाही तर मामांना कळवून टाकतो.”

मी भाकरी मोडत राहिले.

शुक्रवारी सकाळी आठला मी ओट्यावर सडा टाकत होते, तर कोपऱ्यावरून शैलजाबाई येताना दिसल्या. खांद्याला पिशवी, केसांवर प्रवासाची धूळ. पहाटेची पहिली एसटी धरून आल्या होत्या, साताऱ्याहून विट्याला.

“या,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

“चहा नंतर, विहीणबाई. आधी तुमचा मोबाइल बघू. नंबरात काही गडबड असेल.”

आमच्यात कात्री हातातून हातात देत नाहीत. खाली ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची. नाही तर भांडण होतं म्हणतात. मी चंचीतून मोबाइल काढला आणि त्यांच्या हातात न देता कटिंगच्या टेबलावर ठेवला. त्यांनी उचलला. वृषाली लॅपटॉप उघडत होती, आमच्याकडं पाठ करून.

शैलजाबाईंनी मेसेज उघडले. मी त्यांचं तोंड बघत होते. चष्मा वर करून त्यांनी जवळ धरून बघितलं. तीन मेसेज होते, कालच्या तारखेचे, कालच्या वेळेचे, एकाखाली एक. त्यांनी ते वाचले. मग माझ्याकडं बघितलं.

मी तयार होते. मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, काय ऐकवायचं ते. हो, आले होते, नाही दिले. माझ्या घरात मी काय द्यायचं ते मी ठरवीन. तुमची सर्टिफिकिटं तुमच्या भिंतीवर.

“रेंज नसेल काल,” शैलजाबाई म्हणाल्या. “जुन्या घरांच्या भिंती जाड असतात.”

अंगठ्यानं त्यांनी काहीतरी सरकवलं. तीनही मेसेज गेले.

“वृषा, मागव आता.”

मोबाइल त्यांच्या हातात थरथरला. त्यांनी आकडे मोठ्यानं वाचून दाखवले, एकेक करून, जणू काल कुणी वाचलेच नव्हते. वृषालीनं घातले. पडद्यावर नवीन पाटी आली. ती वाचून तिचा हात थांबला.

“आई, यात लिहिलंय की एकदा हे बंधन काढलं की परत लावता येणार नाही. कायमचं जाईल.”

“हो. पण आपल्याला नकोच आहे ते.”

वृषाली मात्र आईकडं वळली नाही. माझ्याकडं वळली. “आत्ती, तुमच्या नावावर आहे. काढू?”

कापड कापायच्या आधी प्रत्येक शिंप्याचा हात एकदा थांबतो. एकदा कात्री चालली की ते पुन्हा जोडता येत नाही. माझ्या सासऱ्यांनी मला शिकवलेलं, थांबायचं ते एकदाच, दोनदा थांबलं की रेघ वाकडी जाते.

“काप,” मी म्हटलं.

तिनं बटण दाबलं. दोन मिनिटांत झालं. कसलं बंधन आणि कसलं काय, त्याच लॅपटॉपानं मुकाट्यानं बाहेरचं अॅप आत घेतलं. मग मायलेकी चित्रावर बसल्या. ज्योत कुठं दाट भरायची, हात कुठं विरळ ठेवायचे. मी चहा केला आणि त्यांच्यापुढं ठेवला. कुणी माझ्याकडं बघितलं नाही. साडेदहाला मशिन सुरू झाली. साडेअकराला श्रीरंग नमुन्याचा कोट कागदात गुंडाळून गाडीवर घेऊन गेला. पाऊण वाजता त्याचा फोन आला. वृषालीनं ऐकला, आणि जिथं उभी होती तिथंच स्टुलावर बसली.

“मिळालं,” ती म्हणाली. “सगळं काम मिळालं.”

शैलजाबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मीही हात पुढं केला होता, पण त्यांचा आधी पोचला.

दोनच्या एसटीला त्या निघाल्या. जेवा म्हटलं तर जेवल्या, राहा म्हटलं तर नाही म्हणाल्या. स्टँडपर्यंत मी सोडायला गेले. वृषाली म्हणाली, मी जाते. मी म्हटलं, तू कोट भर.

स्टँडवर बाकावर बसल्यावर मला राहवेना.

“का झाकलंत?”

“काय?”

“उगाच भोळं तोंड करू नका. मेसेज बघितलेत तुम्ही.”

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. “बघितले.”

“मग सांगायचं होतं लेकीला. सासू कशी आहे ते कळलं असतं तिला.”

“कळून काय झालं असतं? भांडणात बारा वाजले असते, काम गेलं असतं, जावई साताऱ्याला आले असते. लेक रोज माझ्या दारावरून कामाला गेली असती.” त्या हसल्या, पण तोंड कडू झाल्यासारख्या. “मला काय वाईट वाटलं असतं, विहीणबाई? काल फोन ठेवल्यावर मी पण तेच म्हटलं. आता येतेय लेक. रात्रभर झोप नाही मला, आनंदानं.”

“मग पहाटेची एसटी कशाला धरलीत?”

त्या रस्त्याकडं बघत होत्या. “तुम्ही ढकलली म्हणून आलेली लेक नको मला. रोज तुमच्या नावानं रडत बसलेली लेक मी घरात कुठं ठेवू?” मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, “मी दिली ती तुम्हाला. अक्षता टाकून दिली. तुम्हीच अजून घेतली नाहीत.”

तेवढ्यात एसटी लागली. त्या चढल्या, खिडकीशी बसल्या आणि गाडी हलल्यावर मला नमस्कार केला. मीही केला.

चालत घरी येईपर्यंत माझा जीव जळत होता. पश्चात्तापानं, असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल, पण तसं नव्हतं. लेकीला शिवणकाम त्यांनी शिकवलं, लॅपटॉप त्यांनी सोडवला, काम त्यांनी मिळवून दिलं, आणि आता मोठेपणही त्याच घेऊन गेल्या. माझ्यासाठी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं त्या बाईनं. आता तिच्या उपकाराखाली, तिनं झाकलेल्या खोट्याखाली जन्म काढायचा? ते मला जमणार नव्हतं. त्यापेक्षा सुनेनं तोंडावर चार शब्द ऐकवलेले परवडले.

वृषाली मशिनीशी होती. दुसरा कोट लावलेला.

“वृषाली, काल आकडे आले होते,” मी उंबऱ्यातूनच म्हटलं. “तिन्ही वेळा. मी दिले नाहीत.”

तिनं मशिन थांबवली नाही. सुई खालीवर होत होती.

“माहितीय मला.”

“आईनं सांगितलं?”

“नाही. तुमच्या मांडीवरचं ताट वाजत होतं, आत्ती. मोबाइल थरथरला की ताट वाजायचं. तीनदा वाजलं.”

मी पायरीवर बसले. “मग तेव्हाच का नाही बोललीस? धरायचं होतंस मला.”

“फोन चालू होता ना.” आता तिनं मशिन थांबवली. “आईसमोर तुम्हाला खोटं पाडू? काय बोलताय! आज सकाळी तुम्हाला एकटीला गाठून विचारणार होते. बाहेर येऊन बघते तर आईच दारात.”

कोटावरचे दोरे ती कात्रीनं तोडत राहिली. मग तोंड वर न करता, आवाज खाली आणून म्हणाली, “एक करा. मला हे माहीत होतं, ते आईला कळू देऊ नका. तिला वाटू दे, तिनं झाकलं म्हणून झाकलं गेलं. एवढ्या लांबून आली ती.”

“नाही सांगत,” मी म्हटलं.

“कधीच नाही हं.”

“नाही म्हटलं ना.”

लग्न होऊन चौथं वर्ष होतं तिचं. चार वर्षांत तिच्या पोटातली एक गोष्ट अशी नव्हती जी साताऱ्याला आधी गेली नाही. ही पहिली, जी तिकडं जाणार नव्हती. मला लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली, पुष्कळ वाटली. पण त्या पायरीवर बसून मला पहिल्यांदा जे वाटलं ते सणासारखं होतं.

शैलजाबाई गेल्या त्याला आता दोन वर्षं झाली, म्हणून लिहिते. असेपर्यंत दर दिवाळीला आमच्याकडं यायच्या. चहा घेताना माझ्याकडं बघून अर्धं हसायच्या, आमच्या दोघींत काहीतरी आहे असं. मीही अर्धं हसायची. आतल्या खोलीत वृषाली आमच्याकडं पाठ करून करंज्या तळत असायची, आणि हसू दाबताना तिचे खांदे हलत असायचे.